गच्चीवरचे पिंप आणि धाकटा भाऊ

मी, खाली सही करणारी निवृत्त मेट्रन, पूर्ण शुद्धीत आणि कुणाचेही दडपण नसताना (आयुष्यभर दडपण आणण्याचे काम माझ्याकडेच होते) हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. यापूर्वी कोणतेही केलेले नाही. मरायला सवड नव्हती.

१. वरचा मजला व गच्ची माझ्या मालकीची आहे. माझ्या पश्चात ती खाली शिवणकामाचे दुकान चालवणाऱ्या माझ्या धाकट्या भावास मिळावी. अट एकच: गच्चीवरचे खताचे पिंप त्याने चालू ठेवावे.

२. बँकेतील शिल्लक व बांगड्या भावजयीस. त्याच्याबरोबर संसार केल्याबद्दल हे काहीच नाही.

३. खत करणे मी निवृत्तीनंतर शिकले, आणि सुखासुखी शिकले नाही. पहिल्या पिंपात अळ्या दिसताच वॉर्डातल्या सवयीने मी फिनेल ओतले. अळ्या मेल्या, कचरा कुजवणारे बाकीचेही मेले, आणि सालींचा नुसता आंबूस लगदा झाला. वास जिन्याने दुकानात उतरला. गिऱ्हाइके श्वास रोखून मापे देऊ लागली, मग कपडे पोटात घट्ट होऊ लागले. भाऊ वर येऊन म्हणाला, "ताई, पेशंट तुला घाबरून बरे व्हायचे. कचरा कशाला घाबरेल?" मी म्हटले, "मग परत वर येऊ नकोस." तो आला नाही. तेव्हापासून आमचे बोलणे भावजयीमार्फत चालते.

४. खत ढवळायचा सलाईनचा मोडका स्टँड भावासच द्यावा. ओल्या सालींवर दर वेळी वाळक्या पानांचा थर हवा. मूठभर खत दाबले तर गोळा व्हावा, पाणी गळू नये. वास आलाच तर पाने वाढवावीत. फिनेलला हात लावू नये.

५. जुना हिशेब. गेले वर्षभर खत चाळताना चाळणीवर टेरिकॉटच्या रंगीत चिंध्या राहतात. मी शिवत नाही. भावजयीचे गुडघे जिना चढू देत नाहीत. म्हणजे दुपारी मी झोपले असे पाहून कुणीतरी खालच्या साली इथे आणून टाकतो, वर पाने पसरतो आणि चोरपावलांनी उतरतो. पानांचा थर चांगला असतो, हे मान्य करावे लागते. पण टेरिकॉट सात जन्मांत कुजणार नाही. एवढे कापड हाताळणाऱ्याला हे मेट्रनकडून ऐकावे लागते.

मला पिंपापेक्षा तो हवा आहे. शुद्धीत आहे म्हणून लिहिते.

६. हे मृत्युपत्र वकिलाकडे न देता पिशवीत घालून पिंपाच्या झाकणाला बांधत आहे. ज्याच्या हाती लागेल त्याने माझ्या मरणाची वाट न पाहता वाचावे, आणि वाचून तसेच खाली उतरू नये. खोलीचे दार नुसते लोटलेले आहे. मी दुपारी झोपत नाही. डोळे मिटून पावले ऐकत पडलेली असते.

साक्षीदार:
कोपऱ्यावरचा औषधवाला (फिनेल यानेच विकले)
शेजारच्या बाई (वास यांनीही सोसला)

सही: मेट्रन, म्हणजे ताई
स्थळ: गच्ची
दिनांक: आजचा, जेवणानंतर, तो यायच्या आधी