हेक्टर आणि यांची मिशी

८ जानेवारी
हे आले! दुपारच्या एसटीनं दहिवडीत उतरले. नऊ महिन्यांनी सुट्टी, तीही वीसच दिवस. रेवानं बापाची मिशी बघितली अन् असा टाहो फोडला की आप्पांची मेंढरं बुजली. अकरा महिन्यांच्या पोरीला काय कळणार, फौजेतला बाप कोणता. हे हसले खरे, पण नीट जेवले नाहीत.

१२ जाने.
यांनी हात पुढे केला की रेवा माझ्या पदरात. आज शाळेत सहावीला ग्रीकांच्या पुराणातली हेक्टरची गोष्ट सांगितली. ट्रॉयचा राजपुत्र, लढाईला निघालेला. शिरस्त्राणाचा तुरा बघून त्याचं तान्हं पोर किंचाळतं. तो हसतो, शिरस्त्राण काढून खाली ठेवतो, मग पोराला उचलतो.
घरीही सांगितली. आप्पा म्हणतात, "हेक्टर म्हंजी अडीच एकर. त्यात राजपुत्र कुठनं आला?" सासऱ्यांपुढं हसू आवरेना. हे मात्र मिशीवरून हात फिरवत राहिले.

१३ जाने.
ठिणगी पडली. "आप्पा, मिशी काढतो," असं हे म्हणाले. आमच्यात बाप गेल्यावरच काढतात. "मी जित्ता हाय अजून!" म्हणत आप्पा काठी घेऊन मेंढरांमागं गेले. चूक माझीच. शाळेतलं शाळेतच ठेवायचं...

१५ जाने.
काल संक्रांत. तिळगूळ खाऊनही आप्पा गोड बोलेनात. रेवा तशीच यांना बघून रडते, आप्पा लांबून बघतात. सुट्टी पळतेय.

१७ जाने.
सकाळी आप्पाच यांना सलूनमध्ये घेऊन गेले! सलूनवाला हात आखडायला लागला, तर आप्पा म्हणे, "काढ रं. बाप हितं हुबा हाय, नीट बघून घे." यांनीच घरी येऊन सांगितलं.
रेवा आधी टक लावून बघत राहिली. मग आपणहून रांगत गेली, यांच्या ओठावर बोट टेकवलं. हे रडले, मीही. आप्पांचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत, आलं घालून चहा दिला. देवा, लय दिलंस.

२३ जाने.
गावभर एकच चौकशी, "आप्पा बरं हाईत न्हवं?" आप्पा पारावर मुद्दाम दोन फेऱ्या मारून येतात. रेवा यांना सोडत नाही. माझ्याकडं येईना! तेही गोडच वाटतंय.

२७ जाने.
उद्या निघणार. दुपारी बॅग भरताना यांनी सहज विचारलं, "त्या हेक्टरचं पुढं काय झालं गं?"
तो त्या लढाईतून परत येत नाही. वर्गातही मी गोष्ट पोराला उचलतो तिथंच थांबवलीय.
"पुढल्या सुट्टीत सांगते."
"बरं," म्हणाले, अन् रेवाला घेऊन अंगणात गेले.