समोरची तार

रविवार, ११ एप्रिल

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. ‘लांबून एवढी वाकू नकोस, कंबर धरेल,’ असं म्हणशीलच. तुझा गुडघा कसा आहे? जिन्याची चढउतार कमी कर.

पत्र मिळालं. पोरीची बॅग भरून ठेवलीस, वाचलं. त्यावर लिहितेच, आधी इकडचं सांगते.

तू माझ्या कामाला ‘काजळी’ म्हणतेस ना, तिनं मला तोंडघशी पाडलं. हायड्रोजनवर वीज करणाऱ्या घटात हवेतल्या ऑक्सिजनचं झटपट पाणी व्हावं लागतं. प्लॅटिनम ते झकास करतं, पण परवडत नाही. म्हणून मी कार्बनमध्ये नायट्रोजन मिसळून भट्टीत भाजते. यंदा माझा कार्बन जवळजवळ प्लॅटिनमइतका चालला! सगळ्यांना चहा पाजला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला म्हणाला, “बाई, समोरची तार कशाची आहे?”

प्लॅटिनमची. मोजताना कार्बनसमोर आम्लात एक तार बुडवतात, वीज फिरती राहावी म्हणून. ती कणाकणानं विरघळून माझ्या कार्बनवर जाऊन बसत होती. तार काढून ग्राफाइटची कांडी लावली, कार्बनही नवा घेतला. त्याचं काम निम्म्यावर आलं.

“उसन्या दागिन्यांवर मिरवत होता की तुमचा कार्बन!” चष्मेवाला म्हणाला. मीही हसले. मग हात धुताना रडू आलं.

ताई, मागे आपण दोघी पोरीच्या शाळेत गेलो होतो, तेव्हा तिच्या वर्गशिक्षिका मला म्हणाल्या, “अगदी आईवर गेलीय हो!” मी खुशाल मान डोलावली. तू शेजारी तिची तुटलेली चप्पल हातात धरून उभी होतीस.

दोन वर्षांची असताना तिला तुझ्याकडे सोडलं, आता नऊची झाली. नोकरी पक्की होताच फोनवर म्हणाले, “माझी मुलगी मला दे.” तू नुसतं “बरं” म्हणालीस. आणि बॅग भरलीस.

ती बॅग रिकामी कर. कपडे पुन्हा कपाटात लाव. मे महिन्यात मीच येते. कुठं राहायचंय ते तिलाच विचारू, दोघी मिळून. ‘इथंच’ म्हणाली तर मी थोडी रुसेन. तेव्हा समजूत तूच काढ.

आणि निम्मं काम माझ्या कार्बनचं खरंच आहे बरं का. तेवढ्यावर पुन्हा सुरुवात केलीय.

तुझी,
तिच्या दोन आयांपैकी धाकटी