पन्नास वेळा उतरलेलं चाक

तीर्थस्वरूप मोठ्या भाऊजींना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? जाऊबाईंचा दमा आता कसा आहे? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. (दोघांत मिळून चालते पाय दोनच, पण ते असो.)

पत्र लिहायचं कारण, तुमच्या भावाच्या विमानाचं चाक एकदाचं सुधारलं. मागच्या वर्षी हे स्वतः घरी बांधलेलं विमान घेऊन वर गेले, झकास गेले, आणि उतरताना उजवं चाक पोटातून बाहेर आलं खरं, पण जमिनीला टेकताच दुमडलं. मोडलं म्हणाल तर एक पंख आणि ह्यांचा कणा. पंख मी महिन्याभरात दुरुस्त केला (जन्मभर कपडे शिवलेल्या बाईला पंखावर कापड ताणून बसवणं काय जड!). कणा डॉक्टरांकडे आहे, आणि त्यांचा हात माझ्यासारखा भरभर चालत नाही. शुद्धीवर आल्यावर ह्यांनी बायकोची चौकशी केली असेल असं तुम्हाला वाटेल. छे! पहिला प्रश्न, ‘‘गुडघा का दुमडला?’’ नर्स बिचारी ह्यांचेच गुडघे चाचपत बसली. चाकाच्या दांड्याला मधे जो सांधा असतो त्याला हे गुडघा म्हणतात, हे तिला कोण सांगणार! तो सरळ होऊन केसभर पलीकडे गेला की अडकतो, मग वरून कितीही भार पडो, दुमडत नाही.

घरी आल्यापासून ह्यांची खाट खिडकीशी आणि विमान समोरच्या शेडमध्ये, साखळीने तुळईला टांगलेलं. हे आडवे पडून छातीवरच्या फळीवर ड्रॉइंग काढणार, मी बोल्ट पिळायचे पाने घेऊन विमानाखाली शिरणार, आणि शेजारचे न्हावीकाका विमानात बसून चाकाची दांडी ओढणार (त्यांना विमानाची हौस नाही, पण दुकानात गिऱ्हाईक नाही). आधी जाड स्प्रिंग लावली. चाक असं दाणकन खाली आलं की रंगाचा डबा चपटा झाला आणि मी थोडक्यात वाचले. मग स्प्रिंगऐवजी रबरी दोर लावले, तर चाक उतरलं ते पुन्हा वर जायला तयार नाही. मग आकडा बसवला. त्याने चाकाऐवजी माझा पदर धरला आणि सोडेचना. शेवटी काकांनी कात्रीने पदर कापून मला सोडवलं, आणि सवयीने माझी मानही झटकली. खिडकीतून हे ओरडत होते, ‘‘आकडा वाकवू नका!’’ माझ्याबद्दल काही सूचना नव्हती.

दोष सापडला तो अगदीच क्षुल्लक. बोल्टचं भोक झिजून लांबोळं झालं होतं, त्यामुळे गुडघा सरळ होण्याच्या जरा अलीकडेच थांबत होता. शिवणयंत्रातही असंच होतं, म्हणून माझ्या लक्षात आलं. भोकात पितळी बुश (बारीकशी नळीच ती) ठोकला, गुडघा जिथे टेकतो तो अडसर थोडा तासला, आणि काल चाक पन्नास वेळा उतरवून पाहिलं. पन्नासही वेळा ‘खट्’ करून अडकलं. मोजणी हे खिडकीतून करत होते. एकावन्नाव्यांदा करू का, असं काकांनी विचारलं, तर म्हणाले, ‘‘नको. झालं काम.’’ आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. जेवलेसुद्धा नाहीत.

बाकी सर्व क्षेम. तब्येतीला जपा, जाऊबाईंना नमस्कार सांगा.

आपली धाकटी भावजय

ता. क. : खरं बोलायचं ते पुढेच आहे. आठ दिवसांपूर्वी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की ह्यांना आता कधीच बसता येणार नाही. मी घरात बोलले नाही. हातात पेन्सिल होती तोवर दिवस जात होते. आज सकाळपासून छताकडे बघत पडले आहेत. भाऊजी, तुम्ही कारखान्यात तीस वर्षं माल नापास करण्यात घालवलीत. माझ्या लग्नाच्या शालूतसुद्धा सुटलेला टाका शोधलात (त्याचा राग मी अजून सोडलेला नाही). सोबत ड्रॉइंग आहे. त्यात चूक काढा. साधीसुधी नको, निस्तरायला वर्ष लागेल अशी काढा.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तोच ह्यांनी विचारलं, कुणाला पत्र? म्हटलं, मोठ्या भाऊजींना, ड्रॉइंग तपासायला पाठवतेय. मग माझा हात धरून म्हणाले, ‘‘दादाला लिही, लगेच पास करू नकोस म्हणावं.’’