तुमच्या जावयाला आता पोहता येतं

बाबा, तुमच्या जावयाला आता पोहता येतं. पन्नाशी उलटल्यावर शिकले, इथे आखातातच, सालमियात आमच्या बिल्डिंगमागच्या पोहण्याच्या तलावात, शाळकरी मुलांच्या शेजारी. हे काय मध्येच, असं विचारलं तर म्हणाले, "बेटांवर जायचंय ना आपल्याला." अम्गऱ्याच्या ज्या यार्डात ते नोकरी करतात तिथे दिवसभर सळ्यांचा खणखणाट आणि सिमेंटची धूळ, त्यातच त्यांच्या टेबलासमोर एका जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलेलं आहे. हिरवंनिळं पाणी आणि त्यात नारळांनी भरलेलं एवढंसं बेट, पॉलिनेशियातलं. तिथे जायचं हे लग्नानंतर लगेच ठरलं होतं. मग मुली झाल्या, त्यांच्या शाळा आल्या, राहून गेलं. यंदा धाकटीही शिकायला बाहेर पडली. फोनवर म्हणाली, "जस्ट गो, आई." तिकिटं काढली त्या दिवसापासून मी रोज तिथल्या समुद्राचा अंदाज बघत होते. का, ते तुम्हाला सांगायला नको.

तो शुक्रवार तुम्हीही विसरला नसाल. मी नवी नवरी, ते चिंचोळं स्वयंपाकघर, आणि तुम्ही सुट्टीच्या दिवशी फरवानियाच्या खोलीवरून बसने येता, पिशवीत झुबेदी घेऊन. आपला पापलेटच, पण तुम्ही इथलंच नाव घ्यायचात. मासे स्वतः साफ करायचात, मला हात लावू द्यायचा नाहीत. त्या दिवशी जेवून आपण तिघं किनाऱ्यावर गेलो. हे लातूरकडचे, समुद्र इतक्या जवळून त्यांनी इथेच पाहिला. पँट दुमडून पाण्यात शिरतात, गुडघाभर, कंबरभर, मग छातीभर, आणि वळून मला हात करतात. तेवढ्यात तुम्ही ओरडता, "ए! बाहेर ये! बाहेर ये म्हणतो ना! अक्कल आहे का तुला?" जावयाला अरेतुरे, तेही ओळखीच्या चार कुटुंबांसमोर. हे बाहेर आले, चपला हातात घेतल्या आणि मागे न बघता घराकडे चालू लागले.

काका खाडीत बुडाले तेव्हा त्यांना शोधणाऱ्या होडीत तुम्ही होतात, हे मी ह्यांना त्याच संध्याकाळी सांगितलं. "म्हणून चारचौघांत?" एवढंच म्हणाले. पुढच्या शुक्रवारी तुम्ही आलात तर हे आतल्या खोलीतून बाहेरच आले नाहीत. तुम्ही बंद दाराकडे एकदा पाहिलंत, मासे ओट्यावर ठेवलेत आणि काम आहे म्हणून निघून गेलात. मग येणं कमी झालं. पुढच्या सुट्टीला गावी गेलात आणि तिथेच तुमचं हृदय थांबलं. हे आले, दिवसकार्य सगळं उभं राहून केलं, पण तुमचा विषय घरात कधी काढला नाही. मी काढला तर टीव्हीचा आवाज वाढायचा.

तर आम्ही गेलो. ऑकलंडहून रारोतोंगा, तिथून छोट्या विमानाने आयतुताकी. कॅलेंडर खोटं नव्हतं, बाबा. होडीची सावली तळाच्या वाळूवर पडलेली दिसते इतकं स्वच्छ पाणी. हे लहान मुलासारखे डुंबत होते आणि मी काठावर बसून त्यांचं डोकं नजरेआड होऊ देत नव्हते. "बापाची लेक शोभतेस," असं एकदा चिडून म्हणाले.

एका सकाळी होडीतून लांबच्या बेटांकडे निघालो. होडी चालवणारी माझ्याच वयाची, केसांत पांढरी फुलं माळलेली. तिने एके ठिकाणी नांगर टाकला आणि बोटाने दाखवलं : प्रवाळाच्या कड्याला तिथे फट आहे, आतलं पाणी तिथून बाहेर मोठ्या समुद्रात ओढलं जातं, तिकडे जाऊ नका. ह्यांनी मान हलवली आणि उतरले. तोंड पाण्यात, पाठ वर, माशांच्या मागे मागे. आधी मला वाटलं, पोहत लांब चाललेत. मग दिसलं की हातपाय हलत नाहीत, तरी ते पुढे जातायत. त्यांनी डोकं वर काढलं, होडीकडे वळले, जोराने हात मारू लागले, आणि अंतर वाढतच राहिलं.

मी उठून उभी राहिले. "ए! इकडे ये! अरे, परत फिर ना, मूर्खा!" इतक्या वर्षांत 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. तो आवाज मला माझा वाटेना. बाईने नांगर ओढला, इंजिनाची दोरी खेचली. पहिल्यांदा लागलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग लागलं. आम्ही पोचलो तेव्हा पाणी गडद निळं झालेलं आणि ह्यांचे हात थांबलेले. दोघींनी बखोटीला धरून ओढून आत घेतलं. हे होडीच्या तळाशी खोकत पडले. ती बाई इंग्रजीत खूप बोलली, मग तिनेच आपला टॉवेल त्यांच्या अंगावर टाकला.

संध्याकाळी ओसरीवर बसलो होतो. हे म्हणाले, "तू मला अरेतुरे केलंस."

"केलं."

"मूर्खही म्हणालीस. बरं झालं, तिला मराठी येत नव्हती." हसले. "तुझा चेहरा पाहिला मी पाण्यातून. असा चेहरा आधी एकदाच पाहिलाय, तुझ्या बाबांचा. मला तेव्हा वाटलं, मामा रागावलेत." मग खाली बघून म्हणाले, "त्या शुक्रवारी मी दार उघडायला हवं होतं गं."

मी जवळ सरकले. त्यांचे हात हातात घेऊन बसले.

परत येऊन ते पुन्हा तलावावर जायला लागलेत. मी अडवत नाही. मुलींना फोनवर सगळी हकीकत रंगवून सांगतात, आणि शेवटी म्हणतात, "तुमचे आजोबा रागावले नव्हते कधी, घाबरले होते." मी शेजारी बसून मान डोलावते. धाकटीने विचारलं, "आई, तू काय विचार करत होतीस तेव्हा?" मी म्हटलं, देवाचं नाव घेत होते. बाबा, देव आठवला नाही. मुलीही आठवल्या नाहीत. मला फक्त राग आला होता, असा की हाती लागताच थोबाडीत द्यावी. हे ह्यांना सांगणार नाही, आणि हा कागदही त्यांच्या हाती पडू देणार नाही. तुम्ही खरंच कधी रागावला नव्हता, असंच त्यांना वाटू दे.