शंभर शब्दांतलं दार

१४ नोव्हेंबर, दुपार
दुकानातून

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. वहिनीचा खोकला एव्हाना गेला असेल. आईच्या चष्म्याला मी नव्या काचा बसवून दिल्या. आता ती वर्तमानपत्रातल्या चुका मला मोठ्याने वाचून दाखवते.

तू सुधारून पाठवलेली माझी गोष्ट मिळाली. माझी शंभर शब्दांची होती, तुझी चारशेची आहे. त्यात डॉक्टर कुठे शिकले तेही आलंय.

फोनवर म्हणालास, "एवढीशी? चहा निवायच्या आत संपली. लिहितेच आहेस तर एखादं नीट पुस्तक तरी लिही." हे ऐकून माझे कान किटलेत. दुकानात गिऱ्हाईकं मोठी फ्रेम मागतात, जास्त दिसेल म्हणून. त्यांना समजावता येतं.

साप्ताहिकाच्या संपादकबाई एकशे एकावा शब्द घेत नाहीत. ही गोष्ट आधी नऊशे शब्दांची होती. तीन महिने, गिऱ्हाईक नसलं की, चष्म्याच्या नंबरांच्या कार्डांच्या पाठीवर ती कापत बसले. नर्स काढली. औषधांचा वास काढला. मी किती रडले तेही काढलं. ते वाचवत नव्हतंच. उरलं ते असं: म्हातारा चष्मा मागतो, मुलगी पुसून घालते, तो दाराकडे बघत राहतो. शब्द मी काढत होते आणि खोली मोठी होत होती. असा आनंद मला दुसऱ्या कशात मिळत नाही, दादा. तो तू चारशे शब्दांत बुजवून टाकलास.

आमच्याकडे काचा घासणारे काका आहेत. त्यांनी ती गोष्ट उभ्याउभ्या वाचली आणि एकच काच तीनदा पुसली. मग विचारलं, "कोण यायचं होतं?" तू विचारलंस, "दाराकडे का बघतो? लोकांना कळायला नको?"

आता नातेवाइकांना पाठवायची म्हणून तुला त्यात एक वाक्य हवंय. 'मुलगा वाटेत होता.' "तीन शब्द," म्हणतोस, "तुझं काय जातं?"

सांगते. त्या दिवशी दवाखान्यातून तुला मी दोनदा कळवलं. दोन्ही वेळा तू म्हणालास, "बघतो." बाबा सकाळपासून विचारत होते, दादा कुठवर आला. शेवटी मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "वाटेत आहे." तेव्हा त्यांनी चष्मा मागितला. अडीच वाजता गेले, तोवर दारावरची नजर काढली नाही.

नऊशे शब्दांत हे होतं. तुझं "बघतो" होतं, माझं "वाटेत आहे" होतं. तुझं काढलं ते तुझ्यावर दया म्हणून नाही. गोष्टीला त्याची गरज नव्हती. माझं गोष्टीसाठी काढलं की स्वतःसाठी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हणून ते वाक्य मी लिहिणार नाही. एकदा बोलले, तेवढं पुरे. गोष्ट पाठवायचीच तर शंभर शब्दांची पाठव, आणि कुणी दाराबद्दल विचारलं तर उत्तर तू दे.

आईला यातलं काही माहीत नाही.

तुझ्या वतीने एकदाच खोटं बोललेली,
तुझी धाकटी बहीण