आधी पैसे, मग सही

३० सप्टेंबर, मंगळवार

सही केली नाही!

अक्षर कसं वेडंवाकडं आलंय. पण केली नाही.

दर महिनाअखेरीला लाँड्रीत पगाराचं रजिस्टर फिरतं. इस्त्रीच्या रुळाशेजारी टेबलावर उघडायचं, एकेकाने येऊन सही ठोकायची, चेक घ्यायचा. वर फुकटचा मंत्र — "मालक सांगतील तेव्हाच बँकेत टाका हं!" मालक सांगतात वीस-बावीस तारखेला. तोवर चेक डब्यात आणि आम्ही उधारीत. रजिस्टरात मात्र सगळ्यांचा पगार वेळेवर! सात तारखेच्या पुढे गेला तर मालकाला दंड आहे म्हणे.

दोन वर्षं मीही मुकाट्याने सही केली. आज पेन खाली ठेवलं. म्हटलं, "आधी पैसे, मग सही."

आणि रजिस्टर घेऊन फिरणारा हिशेबनीस कोण? आमचेच जावईबापू! हळूच म्हणाला, "मामा, सगळ्यांसमोर कशाला?"

"मग काय मोरीत जाऊन करू?"

सगळे हसले. तो हसला नाही. सही नाही म्हणून चेकही दिला नाही.

आता जेवायला त्याच्याच शेजारी बसायचंय. घर त्याचं. मी राहतो मुलीकडे.

१ ऑक्टोबर

मुलगी बोलत नाही. वाढते, पण ताट आपटते.

जावई पायीच कामाला गेला. मोटारसायकल दुरुस्तीला टाकलीय — दोन महिने झाले! विमान आहे का ते? मला म्हणतो, मामा, तुम्ही बसने या, मी चालतो, पोट कमी होईल. पोट आहे कुठे त्याला!

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवसभर चादरी. इस्पितळाच्या, नेहमीच्या. घडी एकट्याने घालता येत नाही. दोन टोकांना दोघं, झटका द्यायचा, चालत जवळ यायचं, कोपरे हातात द्यायचे, परत मागे. माझी जोडीदारीण खळबाई. खळ घातल्यासारखी ताठ चालते म्हणून नाव पडलं, तिलाही ते आवडतं. सहा वर्षं आम्ही चादरीच्या दोन टोकांना आहोत. सगळ्या गप्पा जवळ येतानाच्या.

जवळ आली, म्हणाली, "तुमचं बरंय काका. आयतं जेवता. मला घरभाडं आहे, मी केली सही."

मागे गेली. परत जवळ आली.

"भाडं दिलंस मग?"

"चेक दाखवला घरवाल्याला. म्हटलं, पगार झाला. तो म्हणतो, मग मी पण पावती फाडून ठेवतो, तू सांगशील तेव्हा देतो."

हसता हसता तिचे डोळे भरले. मी चादरीकडे बघितलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

मालकाने आत बोलावलं. लाँड्रीत त्याला सगळे 'उद्या' म्हणतात, अर्थात पाठीमागे. पगार उद्या, पंखा उद्या, हातमोजे उद्या.

बसा म्हणाला. मी बसलो नाही. बसलो की माझा धीर जातो.

"काका, चेक हातात पडला म्हणजे पगार झाला. कायदा आहे तसा. तुम्ही शिकलेले नाही, म्हणून सांगतो."

चौथी पास आहे मी! म्हटलं, "बरं. मग मी पण असं करतो. इस्पितळाला मळक्या चादरींचं गाठोडं देतो, वर लिहितो 'धुतलं', आणि सांगतो — मी सांगेपर्यंत उघडू नका. चालेल?"

त्याचा चेहरा पडला. मग चढला. "पंधरा तारखेपर्यंत सही करा. नाही तर तुमच्या जागी माणूस तयार आहे."

बाहेर आलो. छत्री आतच राहिली. परत मागायला कोण जातो!

८ ऑक्टोबर

सकाळची गोळी घेतली की नाही आठवत नाही. वहीत लिहिलेली नाही, म्हणजे घेतली नसावी. की घेतली आणि लिहायची राहिली?

१० ऑक्टोबर, शुक्रवार

अर्धा दिवस रजा टाकून कामगार कार्यालयात गेलो. दोनदा दारातून मागे फिरलो. तिसऱ्यांदा शिपायानेच विचारलं, "आजोबा, आत जाताय की हवा खाताय?"

अधिकारी बाई आहेत. माझ्या मुलीच्या वयाच्या. सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही. मग मी विचारलं, "बाई, एकच सांगा. पगार झाला असं कधी म्हणायचं?"

म्हणाल्या, "तुम्ही मनात आणाल तेव्हा पैसे काढता आले, तर झाला. चेक दिला आणि वटवू नका म्हणून बजावलं, तर नाही झाला. रजिस्टरात शंभर सह्या असल्या तरी नाही."

मी परत एकदा म्हणायला लावलं. कानात साठवायला.

पण पुढे म्हणाल्या, "बँकेच्या पुस्तकात पैसे बावीसला आलेले दिसतील. मालक म्हणेल, कामगारानेच चेक उशिरा टाकला. थांबायला सांगितलं होतं, याचं लेखी काही आहे?"

आहे! ही वही आहे. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा लिहायला सांगितल्या म्हणून दीड वर्षापूर्वी घेतली होती. गोळीबरोबर बाकीचंही लिहीत गेलो. 'सकाळी पांढरी गोळी. मालक म्हणाले, चेक बावीसला टाका.' प्रत्येक महिन्याचं आहे.

"वही चालेल," बाई म्हणाल्या. "पण अख्खी आणा. एक जरी पान फाडलेलं निघालं तर मालकाचा वकील तेवढंच धरून बसेल."

सोळाला बोलावलंय. मालकाला आणि हिशेबनिसाला रजिस्टर घेऊन.

११ ऑक्टोबर, शनिवार

वही पहिल्यापासून वाचली. अरे देवा!

१४ जून — 'जावई म्हणजे मालकाच्या ताटाखालचं मांजर. लेकीने माणसाशी लग्न केलं की रबरी शिक्क्याशी?' पाठीमागच्याच पानावर, बायको गेल्यावर मला एकट्याला घर खायला उठत होतं ते. वाळवणीच्या खोलीत वाफेच्या आडोशाने रडलो तेही. हे सगळं टेबलावर ठेवायचं? त्याच्यासमोर?

ते पान ओढून बघितलं. वही शिवलेली आहे. ते ओढलं की जोडीचं पान सुटतं, आणि त्याच्यावर मे महिन्याच्या चेकची तारीख. घ्या!

मुलगी शेवटी बोलली. "बाबा, रजिस्टर ह्यांच्या हातचं आहे. मालक हात वर करेल आणि सगळं ह्यांच्या अंगावर येईल. नोकरी गेली तर खायचं काय?"

खरं आहे ते. मालक म्हणेल, मला काय माहीत, हिशेबनिसाने लिहिलं. माझ्या डोक्यात दिवसभर तेच.

पण मग जावयासाठी खळबाईने आणि बाकीच्यांनी कायम डब्यातले चेक बघत बसायचं का? मी गप्प बसलो तर पुढच्या महिन्यात पुन्हा रजिस्टर, पुन्हा पेन. नाही! पान फाडणार नाही. लिहिलंय मी, भोगेनही मीच. घराबाहेर काढलं तर लाँड्रीत चादरींच्या ढिगावर झोपेन. तीही नोकरी राहिली तर!

१४ ऑक्टोबर

कार्यालयाची नोटीस जावयाच्या हातात पडली. ओरडेल म्हणून मी छातीला हात लावून तयार बसलो होतो. ओरडला नाही. उभ्याउभ्या चहा प्यायला. मग विचारलं, "मामा, वहीत माझंही आहे का काही?"

"आहे. वाईट आहे."

"बरं," म्हणाला. कप विसळून पालथा घातला आणि चालत कामाला गेला.

हा शांतपणा मला झेपत नाही. मांजरच बरं होतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मालक स्वतः रजिस्टर घेऊन आला. पान उघडलं, पेन पुढे केलं. सगळे रूळ बंद. एवढी शांतता की वाफेचा नळ ठिबकताना ऐकू येत होता.

"काय काका, करताय ना सही?"

मी म्हटलं, "उद्या."

अख्खी लाँड्री फुटली! खळबाई तर इतकी हसली की चादरीचं तिचं टोक जमिनीवर पडलं. परत धुवावी लागली. मालक म्हणाला, उद्यापासून तुझं तोंड दाखवू नकोस. अरे-तुरे! माझ्या वयाला!

खळबाई निघताना म्हणाली, "दुसऱ्या कुणाबरोबर घडी नीट बसत नाही. जिंकून या."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

कामगार कार्यालयात बाईंनी वही वाचली. चौदा जूनला आल्या आणि थांबल्या. जावई म्हणाला, "वाचा ना. खरंच आहे ते." मी जमिनीकडे बघत होतो.

मालक बोलला — अगदी मुलगी म्हणाली होती तसंच, शब्दाला शब्द — "सगळं हिशेबनिसाने लिहिलंय."

"हो," जावई म्हणाला. "मीच लिहिलंय. शेवटची ओळ बघा. ती माझी. पाच महिने सही करतोय. मला तर डब्यात ठेवायलाही चेक दिलेला नाही."

दुरुस्तीला टाकलेली मोटारसायकल ऑगस्टमध्येच विकली त्याने. आम्ही जेवतोय ते तिच्यावर.

बाईंनी कागदावर लिहिलं — सप्टेंबरचा पगार झालेला नाही. कुणाचाच.

येताना बसचे पैसे होते माझ्याकडे. दोघं चालत आलो. मुलीला मोटारसायकलचं अजून सांगितलेलं नाही. घरी आल्यावर त्याने वही मागितली. म्हटलं, खोडणार चौदा जून. खोडलं नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर स्वतःच्या तारखा लिहीत बसलाय.