वाटीत पडलेली वायर

ताई,

वामनरावांचं पोट भाजलं. पण आईनं विचारलं, तर सांग, काहीच झालं नाही. तुह्या अजगराले मी हवापालटासाठी नेलं.

खरं सांगतो. थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी वायर मी हीटिंग पॅडवर चिकटवलीच नाही, नुसती ठेवली. ती घसरून पाण्याच्या वाटीत पडली. वाटी गार, म्हणून पॅड तापतच राहिलं, अन् साहेब वरून हललेच नाहीत, जसे बाबा सोफ्यावरून हलत नाहीत.

जनावरांच्या डॉक्टरकडे चाललो. बाहेर दहा डिग्री आहे, म्हणून माह्या स्वेटरात गुंडाळलं. श्वास चालू आहे, मी मोजून राहिलो. वायर टेपनं चिकटवल्याशिवाय पॅड लावू नको. फोनही करू नको, मले रडू येईल.

सबब, वामनराव घरी परतेपर्यंत अकोला शहराचे तापमान त्यांना मानवणाऱ्या बत्तीस अंशांवर कायम ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती.

अद्वैत